ॲलॉय व्हीलवर ॲसिडचे डाग पडलेत? पुढची बाटली उघडण्याआधी हे तपासा

आधी लक्षणं जुळवून बघा. यातलं एखादंच दिसेल किंवा दोन-तीन एकत्र दिसतील.

• चाक कोरडं असताना दुधाळ, धुरकट दिसतं. पाणी मारलं की छान दिसतं, वाळलं की पुन्हा पांढरं.
• स्पोकवरून खाली आलेले ओघळ, पावसाळ्यात भिंतीवर येतात तसे. कितीही घासलं तरी ओघळाची कड हलत नाही.
• नटांच्या खळग्यात आणि मधल्या कॅपभोवती पांढरी पूड, नटांना गंज.
• चकचकीत ॲल्युमिनियम काळपट पडलंय, बोट फिरवलं की बोटाला काळं लागतं.
• वरच्या पारदर्शक थराच्या खाली बारीक, नागमोडी पांढऱ्या रेषा. बहुधा एखाद्या ओरखड्यापासून सुरू होतात आणि आत शिरत जातात.
• तपकिरी, खरखरीत ठिपके, जास्त करून पुढच्या चाकांवर.

सांगलीत मी बारा वर्षं गाड्यांच्या पॉलिशचं काम करतोय आणि ही तक्रार दरवर्षी एका ठराविक वेळी येते: खंडेनवमीच्या आसपास. पूजेसाठी गाडी लख्ख हवी असते. चाकांवर पावसाळाभरचा चिखल आणि ब्रेकची काळी पूड बसलेली असते आणि ती नुसत्या शाम्पूने निघत नाही. मग कुणी संडास साफ करायचं ॲसिड ओततं, कुणी इंजिन धुवायचं केमिकल मारतं, कुणी पितळेची भांडी घासायची पावडर घेऊन तारेच्या घासणीने बसतं. चाक ओलं असेपर्यंत सगळे खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी कोरडं चाक बघितलं की पोटात गोळा येतो.

मागच्या वर्षी एक ताई चारही चाकं अशीच करून आल्या होत्या. मुलाने हौसेने गाडी धुतली होती. त्यांचा पहिलाच प्रश्न होता, "दादा, अजून एकदा ॲसिड मारलं तर निघेल का हो?" हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येकजण विचारतो, म्हणून त्याचं उत्तर इथेच देतो. नाही निघणार. हा डाग म्हणजे चाकावर बसलेली घाण नव्हे. बहुतेक वेळा चाकाचा वरचा थरच खाल्ला गेलेला असतो, आणि जे खाल्लं गेलंय ते आणखी खाऊन भरून येत नाही. कोणता थर खाल्ला गेलाय एवढं कळलं की पुढचं काम सरळ आहे.

असं का होतं तेही थोडक्यात सांगतो. ॲलॉय चाक मुख्यतः ॲल्युमिनियमचं असतं. ॲल्युमिनियमवर हवेमुळे आपोआप एक अतिशय पातळ ऑक्साईडचा थर बनतो, तोच त्याला जपतो. हा थर ॲसिडमध्येही विरघळतो आणि कॉस्टिकसारख्या क्षारातही विरघळतो. लोखंडाचा गंज काढायला ॲसिड चालतं, म्हणून ॲलॉयलाही चालेल असं लोकांना वाटतं, तिथेच फसगत होते. क्षाराचा परिणाम तर तुमच्या स्वयंपाकघरात रोज दिसतो. बोअरच्या पाण्याने ॲल्युमिनियमचा कुकर आतून काळा पडतो आणि तो पडू नये म्हणून आपण पाण्यात लिंबाची फोड टाकतो. चाक काळं पडतं ते त्याच जातीचं, फक्त केमिकल कितीतरी कडक असतं.

आता तपासण्या. क्रम सोडू नका. सुरुवातीच्या तपासण्या फुकटच्या आहेत आणि माझ्याकडे येणाऱ्या चाकांतली बरीच त्यातच सुटतात.

पाण्याची चाचणी

चाक पूर्ण गार आणि कोरडं असू द्या. डागावर बोटाने पाण्याचे दोन थेंब पसरा आणि वाकून, तिरप्या उजेडात बघा.

ओलं असताना डाग पूर्ण दिसेनासा झाला, तर दुखापत वरच्यावर आहे. पृष्ठभाग अतिशय बारीक खडबडीत झालाय, उजेड त्यावर विखुरतो म्हणून पांढरं दिसतं. पाणी ते बारीक खड्डे भरतं आणि डाग लपतो. असा डाग पॉलिशने जायची शक्यता चांगली. ओलं असतानाही डाग तसाच दिसला, तर तो थराच्या खाली किंवा धातूतच आहे. तिथे घरचं पॉलिश फार काही करणार नाही.

ताईंच्या गाडीवर मी हेच आधी केलं. पुढच्या डाव्या चाकाच्या पाच स्पोकपैकी चारांवरचे ओघळ पाण्याखाली गायब झाले. पाचव्यावर, नटाजवळ, करंगळीच्या नखाएवढा एक ठिपका पाण्याखालूनही दुधासारखा पांढरा दिसत राहिला. एकाच चाकावर दोन वेगळी प्रकरणं. म्हणून एका जागी बघून सगळ्या चाकाचा निर्णय घेऊ नका.

डाग कालचाच असेल तर आणखी एक दिवस चाक सावलीत कोरडं राहू द्या. लॅकरमध्ये, म्हणजे चाकावरच्या पारदर्शक थरात, शिरलेल्या ओलाव्याची पांढरी झाक कधी कधी आपोआप कमी होते. वाट बघायला पैसे लागत नाहीत.

साधी धुलाई आणि खायचा सोडा

सौम्य कार शाम्पू, मऊ ब्रश, भरपूर पाणी. कार शाम्पूच घ्या. भांड्यांचा साबण नको, कपड्यांची पावडर तर नकोच. खळगे, नटांच्या जागा आणि स्पोकची मागची बाजू आवर्जून धुवा, कारण केमिकल तिथेच साचून राहतं आणि दिवसेंदिवस खात राहतं.

ॲसिड वापरलं होतं हे नक्की माहीत असेल, तर एक लिटर पाण्यात दोन चमचे खायचा सोडा विरघळवून ते पाणी नटांच्या खळग्यात आणि कॅपच्या कडेला सोडा. बुडबुडे फसफसले तर ॲसिड अजून तिथेच आहे. फसफस थांबेपर्यंत तेच पाणी पुन्हा पुन्हा ओता, मग स्वच्छ पाण्याने पाच मिनिटं धुवा. इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो: खायचा सोडाच घ्या, धुण्याचा सोडा नाही. नावं सारखी वाटतात, पण धुण्याचा सोडा बराच कडक क्षार आहे आणि तो स्वतःच ॲल्युमिनियम काळं करतो. इंजिनचं केमिकल किंवा कॉस्टिक वापरलं असेल तर सोड्याचा काहीच उपयोग नाही. तिथे फक्त पाणी, आणि तेही भरपूर.

ब्लीच आणि ॲसिड एकामागोमाग कधीही वापरू नका. दोन्ही एकत्र आले की क्लोरीनचा विषारी वायू निघतो.

डाग पडला तरी कशाचा?

धुऊन वाळल्यावर जे उरलं त्यातलं सगळंच ॲसिडचं नसतं. तीन गोष्टी चटकन वगळता येतात.

पहिली, क्षारांचे ठिपके. बोअरच्या पाण्याने उन्हात गाडी धुतली की चाकावर गोल कड असलेले पांढरे ठिपके राहतात. व्हाइट व्हिनेगर आणि पाणी समसमान घ्या, कापड भिजवून एकाच ठिपक्यावर जास्तीत जास्त एक मिनिट ठेवा आणि लगेच धुवा. ठिपका गेला तर तो कॅल्शियमचा होता. हे फक्त लॅकर असलेल्या चाकावर करायचं; लॅकर आहे की नाही ते खालच्या कापडाच्या चाचणीने आधी बघा. उघड्या ॲल्युमिनियमवर व्हिनेगर किंवा लिंबू चोळलं तर तेही शेवटी ॲसिडच आहे.

दुसरी, तपकिरी खरखर. ब्रेक डिस्क आणि पॅडमधून झिजून उडालेले लोखंडाचे कण गरम असताना लॅकरमध्ये रुततात आणि तिथेच गंजतात. त्यासाठी न्यूट्रल पीएचचा, म्हणजे ॲसिडही नाही आणि क्षारही नाही असा, आयर्न रिमूव्हर मिळतो. मारला की लोखंडाशी मिळून जांभळा होतो आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो, घाबरू नका. वाळू न देता धुऊन टाका. जांभळा रंग आलाच नाही तर लोखंडाचा प्रश्नच नव्हता, पुन्हा पुन्हा मारू नका. कोकणातून फिरून आलेल्या गाडीवर लाल मातीचाही असा थर बसतो. तो मात्र दोन-तीन वेळा भिजवून धुतला की बहुतेक निघतो.

तिसरी दसऱ्याची खास. चाकाला हळद-कुंकू लावलेलं असतं, त्यावर साबण पडतो आणि लालसर तांबडा डाग उमटतो. हळद क्षारात लाल होते, ते हे. धुऊन गाडी दोन-चार दिवस उन्हात उभी करा, हळदीचा रंग उन्हाने उडतो. यासाठी कृपा करून कुठलंही केमिकल आणू नका.

कापडाची चाचणी

पुढच्या सगळ्या कामाचा पाया ही चाचणी आहे, म्हणून इथे घाई नको. चाकाच्या आतल्या, सहज न दिसणाऱ्या जागी पांढऱ्या सुती कापडावर वाटाण्याएवढं पॉलिश घेऊन दहा-बारा वेळा चोळा. मग चाकाकडे बघू नका, कापडाकडे बघा.

कापड जवळजवळ पांढरंच राहिलं तर वर पारदर्शक लॅकर आहे आणि तुम्ही लॅकरच घासताय. आजकालच्या बहुतेक कंपनी फिटिंग ॲलॉयचं असंच असतं. कापडाला चाकाचा रंग लागला तर वर लॅकर नाही किंवा तिथलं संपलंय, नुसता रंग आहे. कापड काळं झालं तर उघडं ॲल्युमिनियम आहे. हे काळं म्हणजे घाण नव्हे, धातूचेच झिजलेले कण आहेत. चोळत राहाल तोवर काळं येतच राहील.

चाकावर दोन रंग असतील, पुढचा भाग चकचकीत आणि खोबणी काळी किंवा करडी, तर चकचकीत भाग अगदी जवळून बघा. नव्या स्टीलच्या ताटाच्या बुडाला असतात तशा बारीक गोल रेषा दिसल्या तर ते डायमंड कट चाक आहे. लेथवर कापलेला धातू आणि त्यावर थेट पारदर्शक लॅकर, मध्ये रंगाचा आधार नाही. अशा चाकावर हाताने हलकं पॉलिश करण्यापलीकडे घरी जायचं नाही.

स्टीलच्या रिमवर प्लॅस्टिकची व्हील कॅप असेल तर एवढा उपद्‌व्याप नको. प्लॅस्टिकचा रंग एकदा पांढरा पडला की तो पूर्ववत होणं अवघड. नवी कॅप बसवा.

हाताने पॉलिश

लॅकर असलेलं चाक आणि पाण्याखाली लपणारा डाग, ही जोडी जुळली तरच पुढे चला. मशीन लागत नाही. खरं तर स्पोकच्या कडांवर मशीन धोक्याचंच, कारण कडेला थर सगळ्यात पातळ असतो.

दोन इंच बाय दोन इंचाची एकच जागा निवडा. आजूबाजूला मास्किंग टेप लावली तर फरक स्पष्ट दिसतो. आधी बारीक फिनिशिंग पॉलिश, फोमच्या छोट्या पॅडवर. मध्यम दाब, आधी आडवं मग उभं, साधारण दोन मिनिटं. पुसून पुन्हा पाण्याची चाचणी. अर्ध्याहून जास्त डाग गेला तर त्याच पॉलिशचा दुसरा हात द्या. काहीच फरक नसेल तरच कंपाउंड, म्हणजे पॉलिशपेक्षा जास्त घासणारी पेस्ट, घ्या, आणि कंपाउंडनंतर पुन्हा बारीक पॉलिश फिरवाच, नाहीतर धुरकटपणा जाऊन त्याच्या जागी कंपाउंडचे ओरखडे राहतील.

सौम्यापासून सुरुवात का? गाडीच्या बॉडीवरचा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा असतो, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षा पातळ. चाकावरही फार वेगळी परिस्थिती नसते. त्यातला काही भाग ॲसिडने आधीच खाल्लाय. उरलेल्यातलं जेवढं कमी काढाल तेवढं चाक जास्त टिकेल.

ताईंच्या चाकावर चार स्पोक फिनिशिंग पॉलिशच्या दोन हातांत साफ झाले. एका चाकाला पाऊण तास लागला. पाचव्यावरचा तो ठिपका कंपाउंडनेही हलला नाही. मी तो तसाच ठेवला आणि त्यांना तसं सांगितलं.

पॉलिश झालं की त्यावर वॅक्स किंवा व्हील सीलंट लावा, कारण नुकता घासलेला थर उघडा पडलेला असतो. पुढच्या वेळी ब्रेकची पूडही सहज निघते.

वॉटर पेपर: हात बसलेला असेल तरच

कंपाउंडने डाग फिका होतो पण पूर्ण जात नाही, अशा वेळी २००० नंबरचा आणि मग ३००० नंबरचा वॉटर पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून वापरता येतो. घासताना निघणारं पाणी बघत राहा. दुधासारखं पांढरं म्हणजे लॅकर निघतंय. चाकाच्या रंगाची झाक दिसली त्याच क्षणी हात थांबवा, लॅकर संपलंय. कडा, कोपरे आणि कोरलेली अक्षरं टाळा. डायमंड कटवर पेपर लावूच नका, त्या गोल रेषा एकदा पुसल्या की लेथशिवाय परत येत नाहीत. पहिल्यांदाच करत असाल तर माझं स्पष्ट मत आहे, हे काम करणाऱ्याकडे द्या.

उघडं ॲल्युमिनियम काळं पडलंय

इथे मेटल पॉलिश चालतं, आणि परिणामही छान येतो. वितभर जागा घ्या, मऊ कापडाने चोळा, काळं झालेलं कापड सतत बदलत राहा, शेवटी कोरड्या स्वच्छ कापडाने चमक आणा. काळा थर गेल्यावर खाली खड्डे दिसले तर ते पॉलिशने भरत नाहीत. उघड्या धातूची चमक टिकत नाही, म्हणून सीलंट लगेच लावा आणि दर काही महिन्यांनी पुन्हा करायची तयारी ठेवा. हेच मेटल पॉलिश लॅकरवर लावू नका, लॅकर आणखी मंद होईल.

इथे थांबा, जाणकाराकडे जा

लॅकरखाली नागमोडी पांढऱ्या रेषा असतील तर घरी काहीच करू नका. ओरखड्यातून ओलावा आणि मीठ आत शिरून लॅकरखालचा धातू गंजतोय. वरून कितीही चमकवलं तरी रेषा आतून पुढे सरकतच राहणार. मुंबई, अलिबाग, रत्नागिरी अशा समुद्राकाठच्या गाड्यांवर हे जास्त बघितलंय. यावर उपाय एकच: जुना थर पूर्ण काढून नव्याने रंग किंवा पावडर कोटिंग, म्हणजे रंगाची पूड मारून भट्टीत पक्की करणं.

लॅकरचे पापुद्रे नखाने उचलले जात असतील, क्रोमची साल निघत असेल, डायमंड कट पूर्ण पांढरं पडलं असेल, तरीही तेच. चाकात चीर दिसली, रिमची कड वाकलेली दिसली किंवा हवा सारखी कमी होत असेल तर डागाचा विचार बाजूला ठेवा आणि ते चाक वापरणं आधी बंद करा.

आणि ब्रेक. ॲसिड फक्त चाकावर थांबत नाही, मागे डिस्क, कॅलिपर आणि रबराचे भाग आहेत. धुतल्यानंतर ब्रेक लावताना आवाज, थरथर किंवा पेडल नेहमीपेक्षा खोल जातंय असं वाटलं तर त्याच दिवशी मेकॅनिकला दाखवा. नट इतके गंजलेत की पाना घसरतोय, तर जोर लावून त्यांची टोकं गोल करून ठेवू नका.

पावडर कोटिंगवाल्याला दोन प्रश्न विचारा. जुना रंग कसा काढता, आणि भट्टी किती अंशांवर चालवता? पावडर साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला पक्की होते. ॲलॉय चाकाची ताकद कारखान्यातल्या उष्णतेच्या प्रक्रियेतून आलेली असते, जास्त तापमानात जास्त वेळ राहिलं तर ती कमी होते. जुना रंग भट्टीत जाळून काढतो म्हणाला तर चाक परत घेऊन या. डायमंड कट पुन्हा करणाऱ्याला हेही विचारा की आधी हे चाक कापलंय का, कारण प्रत्येक वेळी धातू थोडा कमी होतो, आणि काही कार कंपन्या पुन्हा कापायला परवानगीच देत नाहीत.

एक तातडीची गोष्ट. काही ठिकाणी ॲलॉय चमकवायचं म्हणून जे द्रव वापरतात त्यात फ्लोराईडवालं ॲसिड असू शकतं. ते कातडीला लागलं तर सुरुवातीला काही जाणवतही नाही, काही तासांनी आतून ठणका सुरू होतो, आणि हे जिवावर बेतू शकतं. बाटलीवर हायड्रोफ्लोरिक किंवा बायफ्लोराईड असं लिहिलेलं असेल आणि हाताला लागलं असेल, तर लगेच वाहत्या पाण्याखाली हात धरा आणि दुखायची वाट न बघता बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठा. ज्या पोरांना आपण चाकं धुवायला बसवतो त्यांना हातमोजे आणि चष्मा देणं ही आपली जबाबदारी आहे.

काम संपल्यावर

गाडी हळू चालवत एक-दोन किलोमीटर फिरवा आणि मागे कुणी नाही बघून ब्रेक चार-पाच वेळा हलके दाबा, म्हणजे डिस्कवरचं पाणी आणि चुकून उडालेलं पॉलिश निघून जाईल. चाकांचे फोटो काढून ठेवा, तारखेसकट. पंधरा दिवसांनी त्याच उजेडात पुन्हा बघा. पांढरेपणा परत आला असेल तर कुठल्यातरी खळग्यात केमिकल राहिलंय, कॅप काढून तिथे सोड्याचं पाणी पुन्हा सोडा. नव्या नागमोडी रेषा दिसल्या तर कोटिंगवाल्याचा नंबर शोधायला लागा.

ताईंच्या त्या पाचव्या स्पोकवरचा ठिपका अजून तसाच आहे, तेवढाच. परवा सर्व्हिसिंगला आल्या तेव्हा मी पट्टीने मोजला, वाढलेला नाही.